साडेपाच कोयते

मी नेमकं काय काम करते हे आप्पांना समजावून सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझं काम आलेखांचं. कंपन्यांचे आकडे पडद्यावर चित्र करून दाखवायचे, आणि ते चित्र असं बांधायचं की बघणाऱ्यानं वरची यादी उघडून दुसरा स्रोत निवडला की खालची सगळी माहिती बदलावी, चित्र मात्र तेच राहावं. विक्री बघायची तर विक्री, तक्रारी बघायच्या तर तक्रारी. खांब तेच, नकाशा तोच, पोटातले आकडे वेगळे. एकदा आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, “म्हंजी टीव्ही एकच, चॅनल बदलायचं. रिमोटचं काम करतीस तू.”

मला राग आला. मला राग पटकन येतो, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडं ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या साहेबांनाही गिऱ्हाइकापुढं इतक्या थोडक्यात सांगता येत नाही.

त्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी लॅपटॉप घेऊन चार महिने माहेरी राहिले. आमचं गाव शिरूर कासारपासून एसटीनं अर्ध्या तासावर. नेट फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उजव्या बाजूला यायचं, डाव्या बाजूला नाही. त्यामुळं माझ्या सगळ्या मीटिंगा टाकीला पाठ लावून झाल्या. शेजारचा कोंबडा नेमका मी बोलायला लागले की बांग द्यायचा. पुण्यातले सहकारी त्याला माझा असिस्टंट म्हणायला लागले.

आप्पा ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. दसरा झाला की आमचं अर्धं गाव कुलपं लावून कारखान्याला निघतं आणि पाऊसकाळाच्या तोंडावर परत येतं. कोण कोण निघणार, कुणाची जोडी कुणाबरोबर, हे जमवणं आप्पांचं काम. आधी ते आणि आई स्वतः जोडीनं ऊस तोडायचे. मी शाळेत गेले तेव्हापासून आई मला घेऊन गावातच राहिली. त्यानंतर मला आप्पांनी एकदाही उसाच्या फडावर नेलं नाही. मोठेपणी मी हे मैत्रिणींना अभिमानानं सांगत असे.

तर एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. आईची विचारपूस झाली, चहा झाला आणि मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. बाई मूळच्या नेकनूरच्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, “तू चित्रं काढतेस ना कंप्यूटरवर? मला एक काढून दे. शिक्षण खात्याच्या साहेबाला दाखवायचंय.”

त्यांना शाळेत हंगामी वसतिगृह हवं होतं. आईबाप ऊस तोडायला गेले की लेकरांनी गावातच राहायचं, शाळेतच जेवायचं, झोपायचं आणि वर्ष बुडू द्यायचं नाही. त्यासाठी ठरावीक संख्येची लेकरं लागतात आणि तेवढी लेकरं खरंच जाणार होती हे दाखवावं लागतं. आदल्या वर्षी आकडा बसला नाही म्हणून वसतिगृह मिळालं नव्हतं. आणि बाईंचं खरं दुखणं आठवीतल्या एका मुलीचं होतं. “ती औंदा गेली तर परत बाकावर बसत नाही बघ,” बाई म्हणाल्या. “आठवीतनं गेलेली पोरगी मी तरी परत आलेली बघितली नाही.”

ती मुलगी मला माहीत होती. शाळेच्या भिंतीवर गावाचा एक नकाशा लावलेला होता, तो तिनं काढलेला. गावातलं एकेक घर, घराच्या दारावरचा नंबर, हापसा, पार, पिठाची गिरणी, सगळं जागच्या जागी. आमच्या घराच्या गच्चीवर तिनं टाकीसुद्धा काढली होती, आणि टाकीला टेकून लॅपटॉप घेऊन बसलेली मी. मी तो नकाशा बघून इतकी खूश झाले की त्याचा फोटो काढून तोच चित्राचा पाया केला. प्रत्येक घरावर एक खांब उभा राहणार. घरातली लेकरं जाणार असतील तर घर पिवळं, राहणार असतील तर हिरवं. ती रोज शाळा सुटली की गच्चीवर यायची आणि आपला नकाशा पडद्यावर बघत उभी राहायची.

“ताई, आमचं घर कोणत्या रंगाचं होनार?” एकदा तिनं विचारलं.

“माहिती आली की कळेल,” मी म्हणाले. माझ्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणावं लागतं.

माहिती तीन ठिकाणांहून यायची होती. एक शाळेचा पट. त्याच्यावर सगळी लेकरं बारा महिने गावात असतात, कारण पटावरून नाव सहसा कुणी काढत नाही. दुसरा घरोघरचा सर्व्हे, जो बाईंनी स्वतः फिरून केला होता. त्यात लोक जे सांगतील ते. तिसरी आप्पांची वही, म्हणजे खरोखर कोणतं घर निघणार. ही तिसरी कल्पना बाईंचीच. “सर्व्हेला ताळा पाहिजे,” म्हणाल्या.

आपली वही कंप्यूटरात जाणार म्हटल्यावर आप्पा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले, जणू फोटो काढायचा होता. वहीतली नावं वाचून माझ्या डोक्याला ताप झाला. एकही नाव धड नाही. ‘गिरणीमागचा’. ‘टेलराचा थोरला’. ‘आष्टीकडचा जावई’. ‘लांब पायाचा’. शाळेत एक नाव, सर्व्हेत दुसरं, आणि इथं लांब पायाचा. तीन स्रोत एका चित्रात आलटून पालटून दाखवायचे तर तिन्हीकडं एक सामाईक खूण लागते, नाहीतर एकाचा खांब दुसऱ्याच्या घरावर उभा राहतो. मी दारावरचे घर नंबर धरले. आप्पा डोळे मिटून मनातल्या मनात गल्ली चालायचे आणि सांगायचे, “लांब पायाचा म्हंजी हापशापासनं तिसरं दार. निळं हाय. कुत्रं बांधलंय बग.” मी मुलीचा नकाशा बघायचे, तर हापशापासून तिसऱ्या दारापुढं खरंच एक कुत्रं काढलेलं. ते दोन दिवस मला फार आवडले. बापाबरोबर बसून इतका वेळ एकच काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं. मी यादी उघडून ‘मुकादमाची वही’ निवडली. खांब वरखाली झाले, काही घरं रिकामी पडली, आणि कोपऱ्यात एकूण आकडा आला. छत्तीस.

आप्पा पुढं वाकले. “छत्तीस काय?”

“कोयते,” मी म्हणाले.

“माझ्या वहीत साडेएक्केचाळीस हाईत.” त्यांनी वही उघडून बोट ठेवलं. “माझे साडेपाच कोयते कुटं गेले?”

मी हसले. ते हसले नाहीत. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. टोळीचा आकडा चुकणं हे आप्पांच्या दृष्टीनं त्यांच्या अब्रूवर येणं होतं. “रिमोट बिघडलं तुझं,” म्हणाले आणि सदरा काढायला आत निघून गेले.

माझी चूक मला पाच मिनिटांत सापडली, आणि मी कपाळावर हात मारला. शाळेच्या पटात खांब म्हणजे लेकरं. लेकरं अर्धी नसतात, म्हणून मी कोडमध्ये सांगून ठेवलं होतं की पूर्ण आकडा तेवढा घ्यायचा आणि दशांशचिन्हापुढचं टाकून द्यायचं. स्रोत बदलला, पण नियम जुनाच राहिला. त्यामुळं जे अर्धे होते त्यांचं शून्य झालं आणि जे दीड होते त्यांचं एक झालं. मथळासुद्धा बदलायचा राहिला होता. आप्पांच्या कोयत्यांवर ठळक अक्षरांत ‘मुलं’ असं लिहिलेलं होतं. स्रोत बदलला की माप बदलतं, हे मी कंपनीत नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते.

मी नियम काढला, मथळा सुधारला आणि आप्पांना हाक मारली. आईसुद्धा वॉकर टेकत आली. एकूण साडेएक्केचाळीस आले तसा आप्पांचा चेहरा उजळला. “आता बराबर,” म्हणाले. सहा रिकाम्या घरांवर अर्धे खांब आले होते. ती एकटी माणसं, मला ठाऊक होती. पण पाच घरांवर खांब एकावरून दीडावर गेले होते. त्यातलं एक घर त्या मुलीचं होतं.

“दीड म्हणजे?” मी विचारलं.

“म्हंजी जोडी आन् एक.”

“एक कोण?”

आप्पा पडद्याकडं बघत राहिले. “कोन म्हंजी… घरातलं कुनीतरी. मदतीला.”

“तिच्या घरी तिघंच आहेत, आप्पा.”

उत्तर आईनं दिलं. “आवं, सांगा की सरळ. पोरगीच हाय ती. मोळ्या बांधती, उसाचं वाढं गोळा करती, तिला अर्धं धरत्यात. आजकालचं हाय का ते? मी जायचे तवापासनं हाय.”

मी सर्व्हे लावून बघितला. त्या पाचही घरांनी बाईंना सांगितलं होतं की लेकरू जाणार नाही, मामाकडं राहील. पाचही घरं हिरवी. पट लावला, पाचही लेकरं वर्षभर हजर. वही लावली, पाच अर्धे. मी तीनदा पुढंमागं केलं. घर तेच, दार तेच, आणि दर वेळी त्या मुलीचं काहीतरी वेगळंच व्हायचं.

मला आप्पांचा भयंकर राग आला. मी म्हणाले, “माझ्या वयाच्या पोरींनासुद्धा असंच लिहिलं का तुम्ही? मी इथं अभ्यासाला बसायचे तेव्हा?” ते वही मिटायला लागले, तशी मी ओरडले, “मला कावून न्हाई नेलं मग? मी पण अर्धी झाले असते की!” राग आला की माझी भाषा आपोआप गावची होते.

“तू माझी हायस,” ते म्हणाले. एवढंच. आणि हे वाक्य किती वाईट आहे हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण ते उठून गोठ्याकडं गेले.

दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. ते जेवायला बसले की मी गच्चीवर जायचे. आणि तरी संध्याकाळी ते वर येऊन टाकीपाशी माझ्यासाठी चहाचा कप ठेवून जायचे, न बोलता, बशी झाकून. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. ते रागानं कमी झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बाईंना मी हे सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. वसतिगृहाच्या आकड्याला चार लेकरं कमी पडत होती. वहीतली पाच अर्धी धरली की आकडा बसत होता. नाही धरली तर वसतिगृह नाही, आणि बाकीची लहान लेकरंसुद्धा ट्रॅक्टरवर. “पण ते तुझ्या आप्पांनी सांगायला पाहिजे,” बाई म्हणाल्या. “मी सांगितलं तर घरं म्हणतील, बाई खोटं बोलते. त्यांची वही, त्यांचं अक्षर. आणि सांगितलं की त्यांचीच टोळी तुटते. मी त्यांना विचारणार नाही. तूही जबरदस्ती करू नकोस.”

मी आप्पांना एवढंच सांगितलं की साहेबांच्या मीटिंगला चित्रात दोनच स्रोत ठेवू का तीन, ते तुम्ही ठरवा. “बगू,” म्हणाले.

मीटिंग शाळेतच होती. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर, पुढं साहेब, मागं सतरंजीवर आईबाप, आणि खिडकीत मुलं. आप्पा दाराशी उभे. मी शेवटी तिन्ही स्रोत ठेवले होते, पण तिसऱ्याला हात लावायचा नाही असं स्वतःला बजावून बसले होते. साहेब चांगले होते, चित्रावर खूश झाले. नकाशा कुणी काढला विचारलं, मुलीला उभं केलं, टाळ्या झाल्या. मग पट बघितला, सर्व्हे बघितला, आणि कागदावर काहीतरी मांडून मान हलवली.

“मॅडम, चार कमी आहेत. माझा हात बांधलेला आहे.”

बाई खाली बघत होत्या. माझं बोट माऊसवर होतं, आणि मी मागं वळून बघायचं नाही म्हणून मान ताठ धरून बसले होते.

“माय,” दारातून आवाज आला. “माझी वही लाव.”

मी यादी उघडली आणि तिसरं नाव निवडलं. भिंतीवरचे खांब हलले. गावातल्या लोकांना आपापलं घर ओळखू येत होतं, त्यामुळं सतरंजीवर कुजबुज झाली आणि मग थांबली. साहेबांनी चष्मा वर केला. “हे दीड काय आहे?”

आप्पा पुढं आले. चाळीस-पन्नास माणसांसमोर बोलायची त्यांना सवय आहे, पण त्या दिवशी आवाज नेहमीचा नव्हता. “साहेब, जोडीचा एक कोयता आन् लेकराचा अर्धा. ही पाच घरं. लेकरं मामाकडं न्हाई जानार, माझ्यासंगं जानार हाईत. गेलसाली बी आलती. लिवलंय मीच.”

मुलीचा बाप उठून उभा राहिला. “मुकादम, ही काय रीत झाली?”

“बस खाली,” आप्पा म्हणाले. “तुझी चूक न्हाई. आर्धं मी धरलं म्हनून तू आनलं. औंदा मी न्हाई धरनार. माझी टोळी औंदा एकोनचाळीसची. कारखान्याला काय सांगायचं ते मी सांगतो.”

मुलीचा बाप बसला नाही, तसाच उभा राहिला. शेवटी तिच्या आईनं त्याचा सदरा ओढला आणि म्हणाली, “बसा की. लई बोलनारे तुमी.” साहेबांनी पाच नावं विचारली, बाईंनी ती सांगितली, आणि आप्पांनी प्रत्येक नावाला मान हलवली. मी पुढं बसून प्रोजेक्टरकडं बघत होते, कारण दुसरीकडं कुठं बघितलं असतं तर रडू आलं असतं.

वसतिगृह मंजूर झालं. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी टोळी निघाली. सकाळीच पारापाशी ट्रॅक्टर लागले. भांडी, गाद्या, शेळ्या, कोंबड्यांची डालगी, सगळं वर चढत होतं. मी आईला धरून उभी होते. टोळी निघायच्या आधी मुकादम एकेक घर वर चढवतो आणि मोठ्यानं मोजतो, म्हणजे कुणी मागं राहिलं नाही हे सगळ्यांना कळतं. आप्पा ट्रॉलीच्या फाळक्याला धरून वही उघडून उभे होते. एक. एक. अर्धा. एक.

मुलीचे आईबाप चढले. मुलगी खाली उभी होती, शाळेच्या ड्रेसमध्ये, केस घट्ट विंचरलेले. तिची आई वरून वाकून तिच्या हातात काहीतरी पुडी देत होती आणि सारखी सांगत होती की रात्री एकटी बाहेर जाऊ नको, केस वाळल्याशिवाय बांधू नको. बाप दुसरीकडं तोंड करून बसला होता. मुलीचे डोळे भरले होते. राहायचं तिलाच होतं, तरी भरले होते.

आप्पांची नजर वहीत होती. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “दीड.”

सगळे थांबले. 

“एकच, मुकादम,” ती मुलगी म्हणाली. आवाज रडका होता, पण पारावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. “एकच लिवा. मी हितं हाय.”

आप्पांनी वर बघितलं. तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पेन काढून त्यांनी वहीत एक रेघ मारली आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेवटच्या ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवली.

“एक!”